कानापर्यंत न पोचलेला हात

बाई,

परवा रोह्यात तुमच्या शोकसभेत मी उभा राहून खरं बोललो आणि ते कोणालाच खरं वाटलं नाही. तुम्ही असतात तर पदर तोंडाला लावून हसला असतात. खोटं बोललो होतो तेव्हा मात्र एका शब्दात सगळ्यांना पटलं होतं.

मला बोलता येत नाही हे तुमच्याइतकं कोणाला माहीत नाही. "गाताना तर तोंड उघडतोस, मग चहा घेणार का विचारलं की काय होतं रे तुला?" हे तुम्ही मला पहिल्याच महिन्यात विचारलं होतं. मी तेव्हाही नुसता हसलो होतो. म्हणून आज लिहितोय. तुमच्यापर्यंत हे पोचणार नाही, कळतं मला. पण तुमच्याकडे शिकलेली माणसं वाचतील. त्या दिवशी जे अर्धंच सांगून मी खाली बसलो, ते त्यांना पुरतं कळावं.

धाटावच्या केमिकल कंपनीत पहिली शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसमधून मी रोह्यात उतरायचो आणि तसाच तुमच्याकडे यायचो. अंगाला, कपड्यांना कंपनीचा वास असायचा. तुम्ही मला खिडकीशी बसवायचात. "तिकडे बस. माझ्या तानपुऱ्याला ठसका लागेल." तुम्ही दिवसभर शाळेत पोरांकडून प्रार्थना आणि समूहगीतं घोटून घेऊन आलेल्या असायच्यात, आवाज बसलेला असायचा, आणि तरी षड्ज लावलात की खोली उजळायची. उजळायची म्हणजे काय ते मला दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही. घर एवढंसं. एका भिंतीला पेटी, एका भिंतीला तुमचं कपाट, आणि मधे सुपात निवडायला घेतलेलं काहीतरी कायम.

आपलं एक भांडण होतं, आठवतं? बंदिशीच्या शेवटच्या ओळीत बांधणारा आपलं नाव गुंफतो, मुद्रा घालतो, तशी तुम्ही कधी घातली नाहीत. मी म्हणायचो, घाला. तुम्ही म्हणायचात, जागा अडते. एकदा मी फारच लावून धरलं तेव्हा तुम्ही पेटीचा भाता बंद केलात.

"तुझे वडील जोह्यात गणपती करतात. मूर्तीखाली नाव टाकतात?"

"नाय."

"का नाय टाकत?"

"देवाच्या मूर्तीवर कोण आपलं नाव टाकणार? आणि शेवटी विसर्जनच व्हायचंय ना तिचं."

"मग झालं तर."

"पण बाई, बाबा पनवेलच्या मांडवात लांबून आपला गणपती ओळखतात. डोळ्यांच्या आखणीवरून. म्हणतात, हा आपल्या कारखान्यातला."

यावर तुम्ही पेटीच्या पट्ट्यांवरून नुसता पदर फिरवलात. मला वाटलं, जिंकलो. मग तुम्ही भाता पुन्हा उघडलात आणि म्हणालात, "ओळखणारा एक असला की पुरे रे."

तो एक मी होतो, बाई. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणाला होतात.

ती बंदिश झाली तेव्हा त्या खोलीत आपण दोघंच होतो, म्हणून तिला दुसरा साक्षीदार नाही. उन्हाळा संपत आला होता, भर दुपार होती. तुम्ही सुकट निवडत बसला होतात. तुमच्या आईचा विषय निघाला होता. पेणच्या खाडीकाठी मिठागरावर तिचं आयुष्य गेलं. मीठ अजून वाफ्यांत असताना आभाळ भरून आलं की ती कमरेवर एक हात ठेवून उभी राहायची आणि दुसरा तळहात वर करून ढगाला दटावायची, अंगणात शिरणाऱ्या शेजारणीला थांबवावं तशी. "थांब गो, थांब. माझं मीठ उचलूंदे, मंग ये." हे सांगता सांगता तुमची बोटं सुपाच्या काठावर वाजायला लागली. झपताल. मी विचारलं, "बाई?" तुम्ही हातानंच गप्प केलंत. मग तीव्र मध्यमावर थांबून 'ठहर' म्हणालात, आणि तिथून शुद्ध मध्यमावर अशा उतरलात की माझ्या अंगावर काटा आला. शुद्ध सारंग मी त्याआधी कितीतरी वेळा गायलो होतो. तो एवढा रणरणता असतो हे मला ठाऊक नव्हतं.

*ठहर ठहर बदरा, मोरा लोन अजहुँ क्यारी में।*

सम 'लोन'वर. मिठावर. तुम्ही ती पुन्हा म्हणालात, मला हातावर ठेका धरायला लावलात, पुन्हा म्हणालात. शेवटी माझ्याकडे बघून विचारलंत, "कसं वाटतंय?" तुमच्या बोटांना सुकटीचा वास होता, कपाळावर घाम होता, आणि चेहरा शाळेतल्या पोरीसारखा झाला होता. मी म्हणालो, "चांगलं हाय." एवढंच म्हणालो. सगळे गवई ढगाला ये म्हणतात, येऊ नकोस म्हणणारी ही पहिलीच, हे माझ्या मनात आलं होतं. तेही बोललो नाही.

आता पुण्याच्या स्पर्धेचं.

तुम्ही शाळेत रजा टाकून माझ्याबरोबर आला होतात. नवी इरकल नेसला होतात. मी स्टेजवर बसलो, तुम्ही दुसऱ्या रांगेत. तानपुरा जुळेपर्यंत परीक्षकांतले एक माझ्याशी बोलत होते, माइक चालू होता. माणूस वाईट नव्हता, जरा गंमत करण्याचा स्वभाव.

"रोहा? म्हणजे ती केमिकलची वसाहत तिथंच ना?"

"हो."

"वा. तिथं गाणं कोण शिकवतं?"

सभागृह हसलं. फार नाही, जरासंच. मी म्हणालो, "तिथल्याच एक बाई आहेत." नाव नाही घेतलं. तिथल्याच एक बाई.

"बरं. काय गाणार?"

"शुद्ध सारंग. झपताल."

"बंदिश कोणाची?"

बाई, तुम्ही आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं की गुरूचं नाव घेताना हात कानाच्या पाळीला लागला पाहिजे. ते माझ्या अंगात इतकं मुरलं होतं की हात आपोआप उचलला गेला. तोंडात तुमचं नाव आलं होतं. यमुना म्हात्रे, रोहा. आणि मग मला ते ऐकू आलं, त्या सभागृहाला कसं ऐकू येईल तसं. आत्ताच हसलेत, आता पुन्हा हसतील. मिठागरावरच्या बाईच्या पोरीनं बांधलेली बंदिश, केमिकलवाल्या पोरानं गायलेली. हात कानापर्यंत पोचायच्या आत मी तो केसांवर नेला, केस सारखे केले आणि म्हणालो, "पारंपरिक."

परीक्षकांनी मान डोलावली. आणि मी गायलो. बरा गायलो असेन, कारण निकाल सांगताना त्यांनी बंदिशीचंच कौतुक केलं. "ढगाला थांब म्हणायचं! बघा, जुन्या माणसांचा विचार कुठपर्यंत जायचा. आज असं कोणी बांधेल का?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्हीही वाजवल्यात. मी पाहिलं.

परतीच्या एस.टी.त तुम्ही खिडकीशी बसलात. मी मांडीवर पहिल्या बक्षिसाची ढाल घेऊन. लोणावळा गेलं, घाट उतरला. खोपोलीला गाडी थांबली तेव्हा तुम्ही दोन वडापाव घेतलेत, एक माझ्या हातात दिलात आणि माझ्या डोक्याकडे बघून म्हणालात, "केस बरे बसलेत आज."

बस, एवढंच बोललात. नंतरच्या सगळ्या वर्षांत त्याबद्दल दुसरा शब्द नाही. तुम्ही मला चार लोकांत झाडलं असतंत, त्या ढालीचे दोन तुकडे केले असतेत, तर मी त्याच आठवड्यात सगळीकडे सांगत सुटलो असतो. पण तुम्ही वडापाव दिलात आणि मी खाल्ला.

पुढं मला कार्यक्रम मिळाले. कंपनीनं फलकावर फोटो लावला, शिफ्ट बदलून द्यायला लागले. प्रत्येक ठिकाणी 'ठहर ठहर बदरा'ची फर्माईश व्हायची आणि प्रत्येक ठिकाणी निवेदक आधीच 'पारंपरिक' म्हणून मोकळा झालेला असायचा. दरवेळी वाटायचं, आता सांगावं. दरवेळी वाटायचं, आता सांगितलं तर मागचं सगळं खोटं निघेल. माझ्याकडून ऐकून दुसऱ्यांनी उचलली, त्यांच्याकडून आणखी कोणी. एक दिवस एक मोठे गायक रेडिओवर ती गायले. आधी एका जाणकारांनी अर्थ सांगितला: लोन म्हणजे अश्रू, आणि ही विरहिणी मेघाला म्हणते आहे की माझे अश्रू अजून सुकलेले नाहीत.

आपण दोघंही ऐकत होतो, तुमच्याच खोलीत. तुम्ही हसत सुटलात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"माझ्या आईला विरहिणी केली रे यांनी. अरे, नवरा दिसला की तिच्या कपाळाला आठी पडायची."

मीही हसलो. मोठ्यानं हसलो. तेव्हा तरी बोलायला हवं होतं, दार तुम्हीच उघडलं होतंत. पण मला वाटलं, बाई हसताहेत, म्हणजे बाईंना तसं काही वाटत नाही. किती सोयीचं होतं ते वाटणं.

कारण त्या स्पर्धेनंतर बराच काळ तुम्ही नवं काही बांधलं नव्हतंत, हे मला दिसत होतं. विचारलं तर म्हणायचात, शाळेच्या परीक्षा आहेत. परीक्षा वर्षभर नसतात, बाई.

पुढं पुन्हा बांधायला लागलात. किती सुंदर गोष्टी केल्यात. त्या सगळ्या आम्ही तुमच्या नावानं गातो. पण त्या रोहा-पेण सोडून कुठं गेल्या नाहीत. जी गेली ती बेवारशी म्हणून गेली.

आणि मग रुखसारचा प्रसंग. तेव्हा ती शाळेतली पोर होती, बाप कुवेतला, आई बुरखा सावरत दारात बसून असायची, शिकवणी संपेपर्यंत. मी सहज आलो होतो. आत तुम्ही तिला 'ठहर ठहर बदरा' सांगत होतात. मी उंबऱ्यातच थांबलो.

"बाई, ही कोणाची?" पोरीनं विचारलं. तुम्हीच लावलेली सवय, कोणाची ते विचारल्याशिवाय बंदिश तोंडात घ्यायची नाही.

तुमचं लक्ष माझ्याकडे गेलं. मला वाटलं, आता. माझ्यादेखत सांगतील. मी खरंच वाट बघत होतो, बाई, सुटका होईल म्हणून.

"पारंपरिक हाय," तुम्ही म्हणालात. "नीट म्हण." आणि मला, "सदा, जरा भाता बघ रे पेटीचा. हवा सुटतेय."

मी भाता बघितला. हवा कुठूनही सुटत नव्हती.

तुम्ही नाव सांगितलं असतंत तर मी लबाड ठरलो असतो, हे त्या पोरीला कळणार नव्हतं, पण मोठी झाल्यावर कळलं असतं. म्हणून तुम्ही स्वतःच्या तोंडानं ती बंदिश सोडून दिलीत. मी एकदा खोटं बोललो होतो. त्यावर शिक्का तुम्ही मारलात, मला झाकण्यासाठी. आणि मी तुम्हाला तो मारू दिला.

शेवटचा भेटायला आलो तेव्हा ठरवून आलो होतो. जोह्याहून पेणमार्गे येताना सगळ्या वाटेत मनात घोकत होतो. तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात, हात अगदी बारीक झाले होते. "कारखान्यात रंगकाम सुरू झालं का?" विचारलंत. सांगितलं. "भावाचा मुलगा डोळे आखतो का आता?" सांगितलं. मग मी म्हणालो, "बाई, एक बोलायचं होतं."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "केस पिकले रे तुझे."

माझा हात केसांवरून फिरला, नकळत. तुम्ही हसलात. हसताना खोकला आला, मी पाणी दिलं, तुम्ही घोटभर घेतलंत आणि माझ्या मनगटावर हात ठेवलात. "असूंदे, असूंदे," म्हणालात. ती माफी होती की बोलू नकोस म्हणणं होतं, ते मी विचारलं नाही. वाटलं, पुढच्या रविवारी विचारू. रविवारच्या आतच रुखसारचा फोन आला.

शोकसभेत तुमचा फोटो खुर्चीवर ठेवला होता. हार जरा मोठाच झाला होता, तुमची हनुवटी त्यात बुडत होती, आणि रुखसार सारखी उठून तो वर सरकवत होती. मला गायला सांगितलं. निवेदन करणारे गृहस्थ म्हणाले, "बाईंना प्रिय असलेली पारंपरिक बंदिश, ठहर ठहर बदरा." मी तानपुरा खाली ठेवला. म्हणालो, "पारंपरिक नाही. बाईंची आहे. माझ्यासमोर बांधली."

मग ते गृहस्थ अगदी मायेनं म्हणाले, "सदानंदराव, तुमची भावना आम्ही समजू शकतो."

"भावना नाय वो. खरं सांगतोय. मीठ वाफ्यात हाय म्हणून ढगाला थांब म्हणणारा असा कोणता जुना बुवा होता?"

"समुद्रकाठी पूर्वी गवई नव्हते का?" मागून कोणीतरी म्हणालं. "अहो, रेडिओवर ऐकलीय आम्ही. बाईंची असती तर बाई बोलल्या नसत्या?"

आणि मग रुखसार उठली. आता तिच्या स्वतःच्या शिकवण्या आहेत. डोळे रडून सुजले होते. "सदादादा, रागावू नका. पण बाईंनी मला स्वतः सांगितलंय, पारंपरिक हाय म्हणून. तुम्ही पण होतात तेव्हा दारात. बाई खोटं बोलतील का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. उत्तर एकच होतं: हो, बोलल्या, माझ्यासाठी. तुमच्याच शोकसभेत, तुमच्या फोटोसमोर उभं राहून तुम्हाला खोटं पाडायचं? मी खाली बसलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्या शिष्याला भरून आलं. कोणीतरी पाणी आणून दिलं.

काल, रविवारी, रुखसार जोह्याला आली. एस.टी.नं, एकटी. कारखान्यात बसलो, बाहेर चिखल होता. भोवती सगळे पांढरे गणपती, अजून डोळे न आखलेले. तिनं मूर्तींकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"दादा, तुम्ही सभेत तसं का बोललात?"

मी सांगितलं. सगळं. पुणं, हात, केस, खोपोली, उंबऱ्यात उभा होतो तो दिवस. सांगताना तिच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून एका मूर्तीच्या सोंडेकडे बघून सांगितलं. झाल्यावर ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"मला एक गोष्ट कधी कळली नव्हती," ती म्हणाली. "बाई प्रत्येक बंदिश गळ्यानं सांगायच्या. घसा बसला असला तरी. ही मात्र पेटीवरच सांगितली. शब्द नुसते बोलून दाखवले, आणि सूर पेटीवर. मी म्हटलं, बाई, गाऊन दाखवा ना. तर म्हणाल्या, ती माझ्या गळ्यात बसत नाय."

बाई, हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की तुमच्या तोंडून तो शब्द सहज गेला.

'पारंपरिक' तेवढं बोललात. गाऊन खोटं करणं तुम्हाला जमलं नाही. आपलीच बंदिश परक्याची म्हणून गळ्यातून काढता येईना, म्हणून ती गाणंच सोडलंत. सुपावर बोटं वाजवत म्हणालात, पण पुण्याच्या स्पर्धेनंतर ती तुमच्या गळ्यातून मी पुन्हा ऐकली नाही, हेसुद्धा माझ्या आत्ता लक्षात आलं. मी ऐकायला कधी बसलोच नव्हतो. मी आपली गात सुटलो होतो.

मी रडलो. रुखसार उठली, माठातलं पाणी आणून दिलं, पुन्हा समोर बसली.

"लोकांना मी सांगेन," ती म्हणाली. "नाय पटलं तर नाय पटलं. माझ्या पोरींना तर पटेल. पण आधी मला नीट शिकवा. बाईंच्या गळ्यात ती कशी होती, ते तुम्ही एकट्यानंच ऐकलंय."

तानपुरा नव्हता. भावाच्या मुलानं मोबाइलवर षड्ज लावून दिला. रुखसार ताठ बसली, तुम्ही बसवायचात तशी, आणि वाट बघायला लागली. तुमच्याकडची रीत, आधी राग, मग ताल, मग कोणाची ते, आणि त्यानंतर सूर.

"राग शुद्ध सारंग," मी म्हणालो. "झपताल."

हात उचलला गेला. वाटेत थांबला नाही. कानाच्या पाळीला बोटं लागली, गार होती.

"रचना यमुना म्हात्रे, रोहा."

समोर रुखसारचाही हात कानाला लागला होता. कोणी हसलं नाही. हसायला होतं कोण, बिनडोळ्यांचे गणपती.

त्या दिवशी पुण्यात एवढंच म्हणायचं होतं, बाई. तुम्ही समोरच, दुसऱ्या रांगेत बसला होतात.